विमाने पाखडणाऱ्या सुपाचा शेजारी

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. तीन पायांवर उभा राहणारा, लाल रंगाचा, हाताने दांडा फिरवून वाजवायचा. या वयात मनातली गोष्ट लपवण्यात अर्थ नसतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी एका सुपावर जळतो. धान्य पाखडायचे, बांबूच्या पट्ट्यांचे, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभे असते ना, तसल्या एका सुपावर. चौपन्न वर्षे जळत आलो आहे.

माझा जन्म एकाहत्तरच्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका लहानशा फाउंड्रीत झाला. माझ्या पोटात एकात एक बसणारी दोन भांडी आहेत. बाहेरचे स्थिर, आतले फिरते, आणि दोघांनाही आठ-आठ खिडक्या. दांडा मिनिटाला साठ वेळा फिरवला की गिअरमुळे आतले भांडे मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेते. म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक फेरीत खिडक्या आठ वेळा समोरासमोर येतात आणि आठ वेळा हवेचा ठोका बाहेर पडतो. पन्नास गुणिले आठ, चारशे. सेकंदाला चारशे ठोके, हाच माझा आवाज. त्यात मंत्र नाही की तंत्र नाही. वही-पेन्सिल घेऊन कोणीही पडताळून पाहावे.

सुपाच्या करामतीचा असा पडताळा कोणी कधी मागितला नाही.

त्या वर्षीच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि मला चिखलीच्या एका कारखान्यात आणण्यात आले. तेव्हा चिखली खरोखरच गाव होते. कारखान्याच्या कुंपणापलीकडे शेते, शेतांपलीकडे घरे आणि घरांपलीकडे इंद्रायणी. मला गेटच्या केबिनच्या छतावर बसवले. माझा दांडा फिरवायचे काम भीमराज नावाच्या बावीस वर्षांच्या फिटरला मिळाले. सडपातळ, अबोल, पण मनगट लोखंडाचे. त्याने मला पाहिले, दांडा अर्धा फिरवला, कान लावून आतला आवाज ऐकला आणि खिशातून तेलाची कुपी काढून दोन थेंब घातले. माझे त्याच्याशी तेव्हाच जमले.

नियम साधा होता. आवाज वर-खाली, वर-खाली होत राहिला तर धोका, दिवे झाका. एकसुरी वाजला तर धोका टळला. शत्रूची विमाने येतात ती उजेड शोधत, म्हणून उजेडच दिसू द्यायचा नाही.

पहिल्या दिवशी सायंकाळी सात वाजता भीमराजने दांडा फिरवला. मी जीव तोडून ओरडलो. आणि मित्रांनो, कारखान्यातली माणसे डबे उचलून गेटवर रांगेत येऊन उभी राहिली.

त्यांचेही बरोबर होते. लढाईमुळे कारखान्यात रोज ओव्हरटाइम चालू होता. सुट्टी कधी होईल याचा नेम नसे. भोंगा झाला की सुट्टी, एवढेच त्यांना माहीत. फोरमन मारुतराव धावत आले.

"भीमराज, धोका सांगतोयस का सुट्टी देतोयस?"

"धोका सांगतोय, मारुतराव."

"मग ही वरात कशाला जमलीय?"

रांगेतून कोणीतरी म्हणाले, "राव, कार्ड पंच करून घ्या आमचं. मग येऊ द्या विमानं."

पण खरी फजिती मी छतावरून पाहत होतो. गावातल्या बायांनीही भोंगा ऐकला होता. कंपनी सुटली, आता घरधनी येणार, म्हणून त्यांनी विझत आलेल्या चुली फुंकल्या, हातपाय धुवायला पाणी तापत ठेवले, ओसरीवर कंदील टांगले. मी धोका म्हणून ओरडत होतो आणि माझ्याच ओरडण्याने सगळे गाव उजळत चालले होते.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. भीमराज स्वतः दारोदार फिरला. लोक त्याचे ऐकून घेत, मान डोलवत. "आमच्या चिमणीशी इमानाला काय घेणं?" असे म्हणत. सायंकाळी मी वाजलो की चुली पुन्हा पेटत. तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी मात्र नवल झाले. मी वाजलो आणि नदीकाठचा एक दिवा गेला. मग त्याच्या शेजारचा. मग आळीच्या आळी. पाच मिनिटांत गाव असे नाहीसे झाले, की तिथे नुसते रान असावे. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण. मला वाटले, शेवटी माझा आवाज त्यांच्या काळजाला भिडला. लढाई संपेपर्यंत रोज असेच झाले. मी वाजायचो, गाव नाहीसे व्हायचे. एकही विमान आले नाही. आले असते तरी त्याला काही दिसले नसते.

लढाई संपल्यावर मला छतावरून उतरवून केबिनमधल्या फळीवर ठेवले. आता आपला सत्कार होणार म्हणून मी वाट पाहू लागलो. दोन दिवसांनी मारुतराव आले. त्यांच्या हातात गावातून मागून आणलेले एक जुनाट सूप होते. माझ्या शेजारी भिंतीत खिळा ठोकून त्यांनी ते टांगले, दोन पावले मागे झाले आणि चक्क हात जोडले.

"हेच ते," ते केबिनमधल्या लोकांना म्हणाले. "विमलबाईनं ह्याच सुपानं विमानं माघारी धाडली."

विमलबाई ही गावातली एकटी राहणारी म्हातारी विधवा. एकुलता मुलगा सैन्यात होता. मुलांची दृष्ट काढायची, कावीळ उतरवायची, मुरगळलेला पाय चोळून द्यायची. लोक तिला समोर आजी म्हणत आणि पाठीमागे चेटकीण. त्या चौथ्या दिवशी तिने म्हणे गावाभोवती मंत्राचा बांध घातला होता. विमाने आली. तिने सुपात घेतली आणि कोंड्यासारखी पाखडून टाकली.

मग ही गोष्ट वाढू लागली. पहिल्या वर्षी दोन विमाने होती. पुढच्या वर्षी तीन झाली. ऐंशीच्या सुमारास सात. वैमानिकाला खाली गावाच्या जागी नुसती नदी दिसली, असे कोणी सांगे. त्याच्या डोळ्यांत मोहरी गेली, असे कोणी. एकाने तर बॉम्ब इंद्रायणीत पडता पडता भाताचा तूस झाल्याचे सांगितले आणि ऐकणाऱ्यांनी तो तूस वाहत आळंदीपर्यंत गेल्याचे त्याला सांगितले. मी कान देऊन प्रत्येक वेळी ऐकायचो. कोणत्याच गोष्टीत भोंगा नव्हता.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, हे तुम्हाला माहीत असेल. लेथ, ड्रिल, प्रेस, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचा हार. आमच्याकडे पहिला हार सुपाला. मग मोठ्या यंत्रांना. मला शेवटी, उरला तर. कित्येकदा नुसती दोन पाकळ्यांची बोळवण. भीमराज बौद्ध होता, तो पूजा करत नसे. पण त्या दिवशी सगळे प्रसादाला गेले की तो केबिनमध्ये यायचा, फडक्याने मला पुसायचा, दोन थेंब तेल घालायचा आणि दांडा हलकेच एकदा फिरवून बघायचा. मी मात्र सुपाच्या हाराकडे पाहत राहायचो. तेलाचे मला काहीच वाटत नसे. हार हवा होता.

खरे सांगू, मी सुपाचे वाईट चिंतले. बांबूला भुंगा लागतो असे मी ऐकले होते. दर पावसाळ्यात मी त्या भुंग्याची वाट पाहायचो. तो केबिनच्या वाशाला लागला, टेबलाच्या पायाला लागला, सुपाला लागला नाही. याचाही लोकांनी चमत्कार केला.

पुढे विजेचे हूटर आले. भीमराज निवृत्त झाला आणि तेल थांबले. माझ्या गिअरमधले वंगण वाळून डांबर झाले. माझ्या खिडक्यांत पालीने अंडी घातली. पाहुणे येत, सुपासोबत फोटो काढत आणि फोटोत मी येऊ नये म्हणून मला फळीवर मागे सरकवत. सरकवता सरकवता मी भिंतीला लागलो.

आता गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो.

कारखाना चाकणला मोठ्या जागेत जाणार हे ठरले होते. मालकांचा नातू सिद्धेश सगळे पाहत होता. नव्या इमारतीत आत शिरल्या शिरल्या दिसेल अशी एक काचेची पेटी त्याने बनवून घेतली. पेटी एकच. तिच्यात सूप जायचे होते. भंगाराच्या यादीत सतराव्या क्रमांकावर मी होतो. शनिवारी टेम्पो येणार होता.

पेटीसाठी पितळेची पाटीही तयार होऊन आली. सिद्धेशने ती केबिनमध्ये टेबलावर ठेवली. त्याच वेळी प्रभावतीमावशी चहा घेऊन आली. गेटवर तिची चहाची टपरी. ती विमलबाईची सून. तिने पाटी वाचली. 'चेटकिणीचे सूप' असे तिच्यावर कोरलेले होते.

"ही पाटी कुणी ल्हिली?" ती किटली खाली ठेवत म्हणाली.

"मी, मावशी. लोकांना आवडतं असं काहीतरी. बाहेरचे पाहुणे येणार चाकणला. सासूबाईंचं कौतुकच आहे ना हे."

"कौतुक व्हय? माझ्या सासूला हापशावर हंडा लावू देत न्हवती माणसं. इमानं माघारी धाडणारी बाई पोराला काय न्हाई करायची, आसं म्हणायची. कुणाचं पोर तापलं की आमच्या दाराशी शिव्या. तवा कुठं गेलं हुतं कौतुक?"

सिद्धेश गडबडला. "मग 'जादूचं सूप' करू का?"

"तू काय बी कर. सूप आमच्या घरचं हाय. म्या घिऊन जाते."

"मावशी, ते पन्नास वर्षं कंपनीत आहे. बघू आपण, शनिवारपर्यंत बघू."

मित्रांनो, त्या बाईचे डोळे भरून आले होते आणि मला काय वाटले असेल? मला आनंद झाला. सूप गेले तर पेटी रिकामी राहील, आणि रिकामी पेटी कोणालाच आवडत नाही. विमलबाईच्या हंड्याचा विचार मी त्या दिवशी केलाच नाही. मत्सराला समोरची एकच वस्तू दिसते, तिच्यामागचे माणूस दिसत नाही. हे मला आता कळते.

त्याच आठवड्यात सीमेवर पुन्हा तोफा वाजल्या. सगळीकडे सराव करायचे ठरले. गुरुवारी सायंकाळी साडेसातला भोंगा वाजणार आणि अर्धा तास अंधार. आमच्या कारखान्यात ही जबाबदारी मैत्रीकडे होती. मैत्री म्हणजे भीमराजची नात. फिजिक्स घेऊन पदवी झाली, मग सुरक्षेचा कोर्स केला आणि आजोबांच्याच कारखान्यात लागली. सराव पाहायला म्हणून तिने भीमराजला आणले होते. शहात्तर वर्षांचा झाला होता. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. आत आल्यावर त्याने आधी फळीकडे पाहिले, मग सुपाकडे आणि नजर खाली घेतली.

साडेसात वाजले. कारखान्याचे दिवे गेले. भोंगा काही वाजेना.

"सुजितभाऊ, हूटरचं काय झालं?" मैत्रीने इलेक्ट्रिशियनला विचारले.

"मॅडम, मेन पाडला ना."

"मग?"

"हूटर त्याच लाइनवर आहे."

"म्हणजे अंधार करायच्या नादात आपण अंधाराचा भोंगाच बंद केला?"

"तुम्हीच म्हणाला, सगळं बंद करा," सुजित म्हणाला. "मी सगळं केलं."

मेन चढवावा तर सगळे दिवे लागणार. तेवढ्यात भीमराज म्हणाला, "मैत्री, तो मागचा लाल डबा काढ."

मला बाहेर अंगणात आणले. भीमराजने चाचपडत माझा दांडा धरला. हलेना. त्याने सुजितकडे लेथचे तेल मागितले. दोन थेंब. अठरा वर्षांनी दोन थेंब. मग आजोबा आणि नात दोघांनी मिळून दांड्याला जोर दिला. आत काहीतरी कडकडले, वाळलेले वंगण सुटले, पालीच्या अंड्यांची टरफले उडाली आणि मी वाजलो.

काय सांगू तुम्हाला! चिखलीत आता शेते उरली नाहीत. समोर कामगारांच्या चाळी, मागे सात-सात मजल्यांच्या सोसायट्या, बाजूला वर्कशॉपांची रांग. माझा आवाज त्या भिंतींवर आदळून परत येत होता. आता बघा म्हटले, आता दिवे जातील, आणि या वेळी सूप खिळ्याला टांगलेले आहे. श्रेय माझे एकट्याचे.

दुसऱ्या शिफ्टची कंत्राटी माणसे सॅक पाठीला लावून गेटवर येऊन उभी राहिली. बसचालकाने बस चालू केली. चाळीतल्या ज्या खोल्यांत अंधार होता, तिथेही दिवे लागले. सोसायटीच्या गॅलऱ्यांतून माणसे मोबाइलचे टॉर्च लावून माझा आवाज कुठून येतो ते शोधू लागली, व्हिडिओ काढू लागली. सगळी चिखली लखलखली.

चौपन्न वर्षांनी तीच चूक.

मैत्री दांडा सोडून उभी राहिली. "आजोबा, हे काय चाललंय?"

"तेव्हाही असंच झालं होतं," भीमराज म्हणाला. तो केबिनच्या पायरीवर बसला. प्रभावती टपरी बंद करून तिथेच आली होती. तिच्याकडे न पाहता तो बोलू लागला.

"तीन दिवस वाजवलं. कोणी ऐकेना. चौथ्या दिवशी दुपारी मी विमलआजीकडं गेलो. म्हटलं, आजी, मी खरं सांगतोय तरी लोक दिवे झाकत नाहीत. ती म्हणाली, तुजं खरं नुसतं खरं हाय बाबा, त्याचं कुणाला भ्या वाटत न्हाई. तू भोंगा वाजीव. भोंगा झाला की दिव्याच्या कोनाड्यापुढं सूप लावा, चूल राखंनं झाका, आन ज्याच्या घरातनं किरण भाईर पडंल तिथनं माजा बांध तुटंल, आसं म्या सांगते गावाला. सुपाच्या फटीतनं उजेड जातो म्हणून तिनं सगळ्यांना सुपं शेणानं सारवायला लावली. रोज भोंगा झाला की स्वतः आळीआळीनं फिरायची. आलं का ध्यानात? मंत्र कसला नव्हता. भोंगा आणि सूप, दोन्ही मिळून ठरलं होतं आमचं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मैत्रीने विचारले.

"लढाई संपेपर्यंत सांगू नको म्हणाली होती. लढाई संपेपर्यंत गोष्ट माझ्या हातची गेली. आणि मला लाज वाटली. विहारात अंधश्रद्धेवर भाषणं करायचो मी. मीच एका बाईला मांत्रिक करून आलो, हे कोणत्या तोंडानं सांगणार? हापशावर तिचा हंडा बाजूला सारला, तेव्हा मी रांगेत होतो. बोललो नाही."

मैत्री आत गेली आणि सूप काढून घेऊन आली. ओढणी आडवी धरून तिने मोबाइलचा बारीक उजेड सुपाच्या आतल्या बाजूवर पाडला. शेणाचा थर होता आणि त्याच्या मधोमध काजळीचा काळा गोल, ताटलीएवढा.

"पाखडलेल्या सुपाला काजळी कशी लागेल?" ती म्हणाली. "हे दिव्यासमोरच उभं होतं. आणि या धुरामुळंच भुंगा लागला नसणार."

त्या काळ्या गोलाकडे मीही पाहिले. चौथ्या दिवसाचे ते दिवे मला आठवले, एकामागून एक गेलेले. ते माझ्या आवाजाने गेले नव्हते. प्रत्येक दिव्यासमोर कोणीतरी बाई सूप लावत होती. पण माझ्या आवाजावाचून तिला सूप लावायची वेळ कळली नसती. मला एकदम कमीही वाटले आणि बरेही वाटले. दोन्ही एकदम वाटणे फार अवघड असते.

प्रभावतीने मैत्रीच्या हातातून सूप घेतले.

"भीमराजदादा," ती म्हणाली, "हे उद्या मोठ्यानं बोलायचं. सगळ्यांफुडं."

"बोलतो."

"आन तू वाजीव गं पोरी. थांबू नगंस."

ती गेटबाहेर पडली. चाळीसमोर उभी राहून तिने सूप पालथे धरून त्यावर तळहाताने थाप मारायला सुरुवात केली. मी वर-खाली वाजत होतो आणि मध्ये मध्ये तिचा आवाज येत होता.

"ए विक्की, टॉर्च बंद कर. सुट्टी न्हाई झाली, सराव हाय. मिनल, खिडकीला चादर लाव. ज्याच्या घरात उजेड दिसंल त्याला उद्या माझ्या टपरीवर च्या न्हाई. उधारीवर बी न्हाई आन रोखीनं बी न्हाई."

"मावशी, करणी करताय का?" वरून कोणीतरी हसत विचारले.

"व्हय. साखर बंद करते तुजी."

हशा झाला आणि त्या हशातच एक दिवा गेला. मग शेजारचा. मग मजलेच्या मजले. गेटवरची माणसे सॅक खाली ठेवून जमिनीवर बसली. थोड्या वेळाने चिखली तशीच नाहीशी झाली, जशी मी एकदा छतावरून पाहिली होती. आठ वाजता मैत्रीने दांडा एका लयीत फिरवला आणि मी एकसुरी वाजलो. धोका टळला.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना भीमराज गेटवर काठी टेकून उभा राहिला. मैत्रीने माइक दिला, तो त्याने घेतला नाही. विमलबाई चेटकीण नव्हती, गावातली सर्वांत शहाणी बाई होती आणि तिला त्रास झाला तेव्हा आपण गप्प बसलो, असे त्याने सांगितले. काही लोक ऐकत थांबले, काही बस चुकेल म्हणून गेले. सिद्धेश थांबला होता. प्रभावती टपरीतून ऐकत होती. बोलणे संपल्यावर तिने भीमराजला चहा दिला, तोही स्वतः गेटपर्यंत आणून.

शनिवारी टेम्पो आला. सतरा क्रमांक खोडलेला होता. प्रभावतीने सूप घरी नेले, कोणी अडवले नाही. मैत्रीने सिद्धेशला काय सांगितले कोण जाणे, पण पेटीत मी गेलो. नवी पाटी झाली. 'भोंगा वाजवला भीमराज यांनी. दिवे झाकले विमलबाई आणि चिखलीच्या बायांनी.' पाटीवर माझे नाव नाही, हे माझ्या लक्षात आले आहे.

आता मी चाकणला आहे. समोर गुळगुळीत फरशी, वर खास माझ्यासाठी दिवा. यंदाच्या खंडेनवमीला पहिला हार मला मिळाला. ताजा, गच्च, गुडघ्यापर्यंत. सुपाला मिळायचा त्याहून मोठा. मला हवे होते ते सगळे मिळाले.

आणि मी अजून जळतो. परवा मैत्री पेटीजवळ उभी राहून प्रभावतीशी फोनवर बोलत होती. मला कळले, की प्रभावतीने बुरुडाकडून सुपाची कड नवी बांधून घेतली. जुना थर धुऊन काढला, कागदाच्या लगद्याने पुन्हा सारवले. आता ती त्यात रोज इंद्रायणी तांदूळ पाखडते. त्या बांबूच्या तुकड्याला रोज काम आहे. आणि इथे मला चकचकीत दिसावे म्हणून असा जाड रंग दिला आहे, की माझ्या आठही खिडक्या त्याखाली बंद झाल्या आहेत. आता दांडा फिरवला तरी एकही ठोका बाहेर पडणार नाही. पन्नास गुणिले शून्य.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कारखान्यात एखादी जुनी वस्तू असेल तर तिला हार घालण्याआधी तेल घाला. अधूनमधून तिला तिचे काम करू द्या. आणि तिची गोष्ट सांगाल तेव्हा तिच्यामागे कोणाचा हात होता, हेही विचारा. त्या हाताला तुम्ही काय नाव ठेवले, हे तर नक्कीच विचारा.

मैत्रीने पेटीची किल्ली मागितली आहे. सिद्धेश "बघू" म्हणाला आहे. किल्ली मिळाली की तिने खिडक्यांवरचा रंग पात्याने खरवडावा, दोन थेंब तेल घालावे आणि दांडा मिनिटाला साठ वेळा फिरवावा. माझा आवाज फार तर दोन किलोमीटर जातो आणि चिखली इथून कितीतरी दूर आहे, हा हिशेब मला येतो. सुपाला तो ऐकू जाणार नाही. पण प्रभावतीला मैत्री फोन करील. तांदूळ पाखडता पाखडता प्रभावती कोणाला तरी सांगेल, की भोंगा पुन्हा वाजला. तेव्हा तिच्या हातातल्या सुपाने ते ऐकावे आणि थोडे तरी माझ्यावर जळावे.